‘आम्ही’चे तर्कशास्त्र

डोंगरावर धूर दिसतो. जेथे धूर तेथे अग्नी. म्हणून डोंगरावर अग्नी आहे. आपल्याकडे तर्कशास्त्राचा पहिला पाठ कित्येक शतके याच उदाहरणाने दिला जात आला आहे. त्यात डोंगर आहे, धूर आहे, अग्नी आहे, आणि अनुमान करणारा एक मनुष्य आहे. परार्थानुमानात दुसरा मनुष्य येतो हे खरे. परंतु तो येतो तो केवळ ऐकणारा म्हणून. त्यालाही धूर दिसला होता काय, आपल्याला दिसला हे पहिल्याला ठाऊक आहे काय, आणि आग विझवावयास दोघांनी मिळून जावयाचे की एकट्याने, हे प्रश्न त्या पाठात उद्भवत नाहीत. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या जंगलात मात्र उन्हाळ्याच्या दिवसांत ज्याला धूर दिसतो, त्याला अनुमान करून स्वस्थ बसता येत नाही. वणवा एकट्याने विझत नाही. आणि म्हणून शेजाऱ्याला काय ठाऊक आहे, हा प्रश्न त्याला धुराइतकाच निकडीचा असतो.

हाच प्रश्न हाती घेऊन गेल्या साठ-पासष्ट वर्षांत तर्कशास्त्राची एक नवी शाखा वाढीस लागली आहे. फिनलंडचे तत्त्वज्ञ याको हिंतिक्का यांनी १९६२ साली ज्ञान आणि समजूत या विषयांवर जो ग्रंथ लिहिला, त्याने ‘अमक्याला तमके ठाऊक आहे’ या वाक्याला गणिती चिन्हांचे शिस्तबद्ध रूप दिले. १९६९ साली डेव्हिड लुइस यांनी लोकसंकेतांच्या विवेचनात, आणि १९७६ साली रॉबर्ट ऑमन यांनी अर्थशास्त्राच्या अनुषंगाने, अनेकांच्या परस्परज्ञानाची मीमांसा केली. पुढे संगणकांची जाळी पसरली. एका यंत्राचे काम दुसऱ्या यंत्राला काय कळले आहे यावर अवलंबून राहू लागले. तेव्हा जोसेफ हॅल्पर्न आणि योराम मोझेस यांनी १९८४ साली हीच मीमांसा यंत्रांना लावून दाखविली. आज ज्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेची अनेककर्तृक योजना म्हणतात, म्हणजे जेथे पुष्कळसे स्वतंत्र कार्यक्रम एकमेकांशी बोलून, वाटाघाट करून, प्रसंगी मतदान करून एखादे काम तडीस नेतात, तेथे वागणुकीचे नियम काय असावेत हे ठरविण्याकरिता या शास्त्राचा आधार घेतला जातो.

अशा शास्त्राची परीक्षा ग्रंथालयात बसून करावी, हा एक मार्ग झाला. आम्हांस दुसरा मार्ग अधिक उपयुक्त वाटतो. अनेकांनी मिळून विचार करणे आणि मिळून ठरविणे, हा उद्योग गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावाने कित्येक वर्षे जाणूनबुजून चालविला आहे. मिलिंद बोकील यांच्या ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकामुळे मराठी वाचकांस त्याचा परिचय आहेच. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात पहारा करणारी यंत्रेही जंगलाच्या कडेला येऊन उभी राहिली आहेत. तेव्हा हे नवे तर्कशास्त्र या दोन जिल्ह्यांतील माणसांच्या आणि यंत्रांच्या व्यवहाराला लावून पाहावे, ते कोठे उजेड पाडते आणि कोठे अडते हे तपासावे, असा आमचा हेतू आहे.

प्रथम गुणांविषयी. या शास्त्राची सर्वांत मोलाची देणगी म्हणजे ‘सर्वविदित’ आणि ‘परस्परविदित’ यांतील भेद. एखादी गोष्ट प्रत्येकाला ठाऊक असली, की ती सर्वविदित झाली. ती परस्परविदित व्हावयाची, तर प्रत्येकाला ठाऊक आहे हे प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे, आणि तेही पुन्हा प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे, अशी परंपरा कोठेही न तुटता चालली पाहिजे. हा शब्दच्छल नव्हे. समजा, नाल्याच्या दोन बाजूंना दोन टोले आहेत आणि मधल्या रानात वणवा पेटला आहे. दोन्ही टोले एकाच वेळी दोहोंकडून उतरले तर आग आवरेल. एकच उतरला तर त्याची माणसे होरपळतील. अलीकडचे लोक एका पोराबरोबर निरोप धाडतात, ‘मध्यरात्री निघा.’ पोर वाटेत अडकण्याचा संभव आहे. तो पोहोचला आणि पलीकडच्यांनी ‘निघतो’ असे उत्तर धाडले, तरी ते उत्तर पोहोचले की नाही हे पलीकडच्यांना कसे कळावे? म्हणून उत्तराची पोच हवी. आणि त्या पोचेचीही पोच हवी. संगणकशास्त्रात हे कूट दोन सेनापतींच्या नावाने प्रसिद्ध आहे. निरोप पोहोचण्याची खात्री नसेल, तर निरोप कितीही वाढविले तरी परस्परविदितता साधत नाही, हे हॅल्पर्न आणि मोझेस यांनी सिद्ध केले. दोन्ही टोल्यांना एकाच वेळी ऐकू जाईल असा ढोल मात्र एका ठोक्यात ती साधतो.

आपल्या खेड्यांतील कोतवालाच्या दवंडीचे मर्म यात आहे. दवंडी पुष्कळदा नवे काहीच सांगत नाही. जे घरोघर ठाऊक असते तेच ती चव्हाट्यावर सांगते. तरीही दवंडीपूर्वीचे गाव आणि दवंडीनंतरचे गाव एक नसते. कारण तिच्यानंतर ‘मला ठाऊक नव्हते’ असे कोणाला म्हणता येत नाही, आणि ‘त्याला ठाऊक नसेल’ असे कोणाला मानताही येत नाही. जाहीर उच्चाराने ज्ञान कसे पालटते, याचेच एक स्वतंत्र तर्कशास्त्र १९८९ सालापासून रचले जात आहे.

आता यंत्रांकडे वळू. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पालगतच्या सीतारामपेठ गावाच्या कडेला २०२३ साली कृत्रिम बुद्धिमत्तेचे कॅमेरे बसविण्यात आले. वाघ दिसताच यंत्राने तो ओळखावा आणि माणसांच्या मोबाइलवर इशारा पाठवावा, अशी ती योजना. ज्या भागात माणूस आणि वाघ यांची गाठ हा नित्याचा घोर आहे, तेथे अशा योजनेचे स्वागतच केले पाहिजे. परंतु वरील भेद ध्यानात घेतला, तर एक सूचना करावीशी वाटते. मोबाइलवरील इशारा ज्याने पाहिला त्यालाच कळतो. पहाटे मोहफुले वेचावयास निघालेल्या बाईने तो पाहिला, तरी तिच्या जावेने पाहिला की नाही हे तिला ठाऊक नसते; आणि जावेला सावध करण्याकरिता तिला नेमके त्याच वाटेने जावे लागते, जी वाट टाळावयाची होती. इशारा सर्वांपर्यंत गेला तरी तो फार तर सर्वविदित होतो. परस्परविदित होत नाही. भोंगा, ढोल किंवा दवंडी यांची जोड त्याला असली पाहिजे. इतकी साधी पण महत्त्वाची गोष्ट जे शास्त्र नेमकी सांगू शकते, त्यास केवळ पंडितांची क्रीडा म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे होईल.

दुसरा गुण सामर्थ्याच्या विचाराचा. कोणता समूह, इतरांनी काहीही केले तरी, कोणती गोष्ट घडवून आणू शकतो, हे सांगणारी तर्कशास्त्रे अल्युर, हेन्झिंगर व कुफरमन यांनी १९९७ च्या सुमारास आणि मार्क पाउली यांनी २००१-०२ साली मांडली. समाजाच्या रीतींचाही यंत्राच्या कार्यक्रमाप्रमाणे काटेकोर अभ्यास करता येईल, ही कल्पना भारतात जन्मलेले तर्कशास्त्रज्ञ रोहित पारिख यांनी याच काळात पुढे आणली. या दृष्टीने मेंढ्याचा इतिहास पाहावा. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. बांबू हे गौण वनोपज असल्याचे कायद्यातच लिहिले आहे. म्हणजे हक्क गावाचा, बांबूही गावाचा. परंतु तोडलेला बांबू बाहेर न्यावयाचा तर वाहतूक परवाना पाहिजे, आणि परवान्याचे पुस्तक वनखात्याच्या हाती! संघशक्तीच्या तर्कशास्त्रात ही स्थिती एका ओळीत मांडता येते: एकटी ग्रामसभा बांबू विकू शकत नाही, ग्रामसभा आणि खाते मिळून विकू शकतात, म्हणून खात्याच्या हाती नकाराधिकार आहे. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी ते पुस्तक मेंढ्याच्या ग्रामसभेच्या स्वाधीन केले, तेव्हा कायद्याचे एक अक्षरही बदलले नाही. बदलली ती ही ओळ. हक्क असणे आणि तो बजावता येणे यांतील अंतर इतक्या स्वच्छपणे दाखविणारी भाषा आमच्या पाहण्यात दुसरी नाही.

येथवर स्तुती झाली. आता दोषांकडे वळले पाहिजे.

पहिला दोष असा की, या शास्त्रातील ‘कर्ता’ अलौकिक आहे. त्याला जे ठाऊक असते त्याचे यच्चयावत निष्कर्षही ठाऊक असतात. शिवाय त्याला जे कळते, ते आपल्याला कळते हेही कळते. आणि जे कळत नाही, ते कळत नाही हेही कळते. यांतली शेवटची सिद्धी माणसास लाभली असती, तर जगातील निम्मी भांडणे मिटली असती. ज्ञान झाले की ज्ञान झाल्याचे ज्ञानही आपोआप होते काय, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. प्राभाकर मीमांसक ज्ञानाला स्वप्रकाश मानीत. नैयायिकांनी ते नाकारले, आणि ज्ञानाचे ज्ञान ‘अनुव्यवसाय’ नावाच्या वेगळ्या, मागाहून येणाऱ्या व्यापाराने होते असे प्रतिपादिले. ज्यावर शतकानुशतके वाद झाला, ते येथे एका सूत्रात गृहीत धरलेले आहे. या दोषाची जाणीव त्या शास्त्रज्ञांस नाही असे नव्हे. फेगिन व हॅल्पर्न यांनी १९८८ साली ‘भान असणे’ हा निराळा घटक घालून त्यावर उपाय सुचविला. तथापि, मूळ चौकट तीच राहते. वनहक्काचा कायदा छापून सर्वत्र गेला होता; तेवढ्याने त्यातून आपल्या गावाचा कोणता हक्क निघतो हे सर्व गावांस कळले काय? कायद्याची कलमे आणि त्यांचा निष्कर्ष यांच्यामध्ये अभ्यासाची वर्षे असतात. मेंढ्याने ‘अभ्यासगट’ चालविला तो या मधल्या वाटेकरिता. या अभ्यासगटात चर्चा होते, बाहेरच्या जाणत्यांस बोलावले जाते, शंका विचारल्या जातात. निर्णय मात्र तेथे होत नाही. तो ग्रामसभेत, आणि सर्वसहमतीने होतो. दिवंगत मोहन हिराबाई हिरालाल आणि मेंढ्याचे देवाजी तोफा यांनी ज्या रीतीचा आयुष्यभर पाठपुरावा केला, तिचा गाभा आमच्या मते हाच: समजून घेणे वेगळे, ठरविणे वेगळे, आणि दोहोंना स्वतंत्र बैठक.

दुसरा दोष अधिक खोल आहे, आणि त्याकरिताच हा लेख लिहिला आहे. सर्वसहमतीचा नियम घेतला की गावातील प्रत्येक माणसाच्या हाती नकाराधिकार येतो. हे संघशक्तीच्या भाषेत लिहू गेल्यास काय होते? ‘अमका नसता इतर सर्व मिळूनही ही गोष्ट घडवू शकत नाहीत’, हीच ती ओळ. म्हणजे २०११ पूर्वी बांबू अडवून ठेवणाऱ्या खात्याचा नकार आणि ग्रामसभेत हात वर करून ‘मला हे पटत नाही’ म्हणणाऱ्या शेजाऱ्याचा नकार, यांचे सूत्र एकच! परंतु जो कोणी एकदा तरी अशा सभेत बसला असेल, त्याला हे दोन नकार एक वाटणार नाहीत. खात्याचा नकार कचेरीतून येतो. त्याला कारण द्यावे लागत नाही, आणि त्याचे परिणाम दुसऱ्याच्या घरी होतात. शेजाऱ्याचा नकार तोंडावर येतो. कारण सांगितल्यावाचून त्याची सुटका नाही. आणि निर्णय अडला तर त्याचीही चूल त्याच गावात पेटावयाची असते. अडविण्याची शक्ती हे शास्त्र मोजते. जबाब देण्याचे बंधन मोजण्याचे माप त्याच्यापाशी नाही.

हे बंधन गाळले तर काय बिघडते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावाला २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला. तेंदूपाने हे त्या भागातील रोख पैशाचे मोठे साधन. तरीही पानांकरिता होणारी झुडपांची छाटणी आणि लावल्या जाणाऱ्या आगी यांनी जंगलाची हानी होते म्हणून पाचगावच्या ग्रामसभेने ती तोडणे बंद केले, आणि बांबूवर भिस्त ठेविली. आता अशीच गोष्ट मतदानाने ठरवू पाहणाऱ्या एका काल्पनिक गावातील तिघांची कल्पना करा. पहिला म्हणतो, पानतोडीने जंगलाची हानी होते, हानी होते ते करू नये, म्हणून पानतोड थांबवावी. दुसरा म्हणतो, हानी होते हे खरे. पण पोटापुढे हानीचा विचार चालत नाही, तेव्हा थांबवू नये. तिसरा म्हणतो, हानी होते ते करू नये हे खरे. पण पानतोडीने हानी होतच नाही, तेव्हा थांबवू नये. तिघेही आपापल्यापुरते सुसंगत आहेत. आता मते मोजा. हानी होते काय? दोन विरुद्ध एक, होय. हानी होते ते करू नये काय? दोन विरुद्ध एक, होय. पानतोड थांबवावी काय? दोन विरुद्ध एक, नाही! तीन शहाण्या माणसांच्या बहुमताने एक असंगत मत जन्मास आले. हा हिशेबातील अपघात नव्हे. परस्परसंबद्ध प्रश्नांवर सर्वांच्या मतांतून समूहाचे पूर्ण आणि सुसंगत मत, कोणालाही झुकते माप न देता, दर वेळी काढून देईल असा नियम असूच शकत नाही, हे लिस्ट आणि पेटिट या विद्वानांनी २००२ साली सिद्ध केले आहे.

सर्वसहमतीचे गाव या कचाट्यातून कसे सुटते? ते पूर्णतेवर पाणी सोडते आणि सुसंगती राखते. तिन्ही प्रश्नांवर एकमत नाही, म्हणून आज काहीच ठरले नाही, एवढेच ते म्हणते. बहुमताच्या हिशेबात हे अपयश दिसेल. वस्तुतः खरे काम येथून सुरू होते. तिसऱ्याला रानात नेऊन छाटलेली झुडपे दाखविता येतात. दुसऱ्याच्या पोटाची चिंता खोटी नाही, हे मान्य करून बांबूचा हिशेब मांडता येतो. आणि तो हिशेब जुळला नाही, तर पहिल्यालाही आपले मत तपासावे लागते. चरकसंहितेत संभाषेचे दोन प्रकार सांगितले आहेत: सलोख्याने, समजून घेण्याकरिता होणारी संधाय संभाषा, आणि प्रतिपक्षास जिंकण्याकरिता होणारी विगृह्य संभाषा. नव्या तर्कशास्त्रांत संघसामर्थ्याची व्याख्याच ‘इतरांनी काहीही केले तरी’ या शब्दांनी होते. म्हणजे इतर हे मुळात प्रतिपक्ष. त्यांच्यामुळे आपले मत बदलू शकते, ही शक्यता त्या व्याख्येत बसत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. सर्वसहमती संथ असते. आणि पुष्कळदा ती दुबळ्याच्या मौनावर उभी असते. स्त्रिया, गरीब, नवखे गप्प बसले, म्हणजे त्यांना पटले असे मानले जाते. हा धोका आम्ही नाकारीत नाही. उलट, मौनाला संमती समजू नये, असंमती उघड बोलून परस्परविदित व्हावी, हा धडा याच शास्त्राने दिला आहे आणि सभांनी तो घ्यावा. संथपणाविषयी म्हणावयाचे तर सूचना आणि निर्णय यांत भेद केला पाहिजे. वाघ आला ही सूचना क्षणात गेली पाहिजे. तेथे यंत्राहून त्वरित कोण? परंतु ती वाट कायमची बंद करावी काय, गुरे कोठे चारावी, मोहाचे कोणते रान सोडावे, हे निर्णय आहेत. आणि ते ज्यांच्या अंगावर पडणार त्यांच्या बैठकीत, लागेल तितका वेळ घेऊन झाले पाहिजेत.

आज अनेक यंत्रांची उत्तरे घेऊन बहुमताने एक उत्तर काढण्याची प्रथा रूढ होत आहे. उद्या जंगलाचे, पाण्याचे, जमिनीचे प्रश्न अशा यंत्रसभांपुढे गेले, तर वरील तिघांची गोष्ट तेथेही घडेल. मात्र तेथे कोणी कोणास रानात नेऊन झुडपे दाखविणार नाही. आकडा तेवढा बाहेर येईल, आणि तो असंगत आहे हे कोणास दिसणारही नाही. म्हणून या शास्त्राच्या कर्त्यांकडे आमचे एवढेच मागणे आहे: ‘अजून ठरले नाही’ हेही एक उत्तर आहे असे तुमच्या यंत्रांस शिकवा, आणि ज्याच्या शब्दाने काही अडते, त्याने कारण सांगितले पाहिजे, हा नियम तुमच्या सूत्रांत आणा.

मेंढ्याची घोषणा प्रसिद्ध आहे: ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ ती दिल्ली-मुंबईला उद्देशून असल्यामुळे तिच्यात ‘आम्ही’ येते. ऐकणारा त्या ‘आम्ही’बाहेर असतो. पण तीच माणसे सभेत समोरासमोर बसली, म्हणजे ‘आपण’ म्हणतात. त्यात ऐकणाराही येतो, आणि कालपर्यंत नकार देणाराही. टीकाकार ‘आम्ही’ म्हणतो तेव्हा तो एकटाच असतो, ही गोष्ट वेगळी. नव्या तर्कशास्त्राने ‘मी’ची हद्द ओलांडून ‘आम्ही’ गाठले, हा त्याचा मोठा पराक्रम होय. ‘आपण’ मात्र त्याला अजून गाठावयाचे आहे.